बरोबर आलेली उत्तरं आधी तपासा

स्पर्धा परीक्षेच्या पहिल्या खेपेच्या तयारीत माझे सराव-पेपर सत्तर टक्क्यांवर अडकले होते. चार महिने प्रश्नांमागून प्रश्न घासले, आकडा हलेना. चुकलेला प्रत्येक प्रश्न मी उत्तरासकट वहीत उतरवायचे आणि बरोबर आलेल्याकडे ढुंकूनही बघायचे नाही. गोम तिथेच होती.

एकदा धाकट्या बहिणीने विचारलं, जाताना ताशी 60 किलोमीटर, त्याच रस्त्याने येताना 40, तर सरासरी वेग किती? मी पटकन 48 म्हटलं. बरोबर. "50 का नाही?" म्हणाली, आणि माझी दांडी गुल. सूत्र पाठ होतं, त्याच्या पोटात काय आहे ते माहीत नव्हतं. शेवटी रस्ता 120 किलोमीटरचा धरला. जायला 2 तास, यायला 3. म्हणजे 240 किलोमीटरला 5 तास. हळू चालताना जास्त वेळ जातो, म्हणून सरासरी 40 कडे झुकते. मग तिनेच पुढची काडी टाकली: "आणि दोन तास 60 ने, दोन तास 40 ने गेलं तर?" तेव्हा मात्र 50. नुसत्या सूत्रावर मी तिथेही 48 ठोकून मोकळी झाले असते.

तेव्हापासून पेपर सोडवतानाच प्रत्येक उत्तरापुढे एक अक्षर लिहायला लागले. ख म्हणजे खात्री, वा म्हणजे वाटतंय, तु म्हणजे तुक्का. हे अक्षर उत्तरं ताडून बघायच्या आधीच पडलं पाहिजे. नंतर मन लबाडी करतं, 'हे तर येतच होतं' म्हणतं. पहिल्याच पेपरात 40 पैकी 28 बरोबर होते आणि त्यांतले ख फक्त 15. उरलेले 13 म्हणजे माझा खरा अभ्यासक्रम. (ख लिहून चुकलेला प्रश्न सगळ्यांत मौल्यवान. तो दिसला की त्या दिवशी नवं काही घेऊ नका.)

या 'वा'वाल्या प्रश्नांचं करायचं काय? स्पष्टीकरण झाकून ठेवा आणि 'कारण'ने सुरू होणारं एक वाक्य स्वतः लिहा. सूत्राचं नाव घ्यायचं नाही. मग प्रश्नातली एक अट बदला. किंमत 20 टक्के वाढली, मग 20 टक्के उतरली: 100, 120, 96. आता क्रम उलटा करा: 100, 80, 96. पुन्हा 96 का, हे सांगता आलं, की 1.2 आणि 0.8 यांचा गुणाकार कुठल्याही क्रमाने तोच, तर टक्केवारी समजली. नाही आलं तर उत्तर बरोबर येऊनही ती समजलेली नाही.

तर्काच्या प्रश्नांत अंदाज जास्त फसवतो, कारण तिथे चारही पर्याय गोड बोलतात. 'जास्त झोपणाऱ्या मुलांना गुण जास्त मिळतात, म्हणून झोपेने गुण वाढतात.' यामागचं गृहीतक कोणतं? 'झोप आरोग्याला चांगली' हा पर्याय मला हमखास भुलवायचा. त्यावर उपाय म्हणजे पर्याय उलटा करून बघायचा. 'अभ्यास झालेलीच मुलं निवांत झोपतात, असं नाही' हा पर्याय उलटा केला की ती त्यामुळेच झोपतात असं होतं. मग गुण झोपेचे नव्हे, अभ्यासाचे ठरतात आणि सगळा युक्तिवाद कोसळतो. सापडलं गृहीतक.

स्पष्टीकरण पुन्हा पुन्हा वाचू नका. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात, उतारा परत वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे निघाले. म्हणून 'वा'चा प्रश्न मी आठ दिवसांनी कोऱ्या कागदावर परत सोडवते. 'कारण'चं वाक्य तेव्हाही लिहिता आलं तरच त्याला ख मिळतो.

खऱ्या पेपरात वेळ संपत आला की तुक्का लागतोच, पण त्यालाही हिशेब आहे. चार पर्याय आणि चुकीला एक तृतीयांश गुण वजा असेल, तर आंधळ्या तुक्क्यातून सरासरी हाती शून्य. एक पर्याय कारण देऊन बाद करता आला, तर दर प्रश्नामागे सरासरी एक नवमांश गुण पदरात पडतो. 'हा पर्याय बरा वाटत नाही' हे कारण धरायचं नाही.