जुन्या गाडीची खडखड : शॉकअप बदलण्याआधी या चुका टाळा

गाडी दहा-बारा वर्षांची झाली, पुढून खडखड यायला लागली, की जो तो एकच सांगतो : "शॉकअप गेले." मी विचारतो, "आवाज नेमका कधी येतो?" बहुतेकांना सांगता येत नाही. सरळ रस्त्यावर की वळताना, दोन्ही चाकं एकदम उचलली गेल्यावर की एकच, हळू असताना की वेगात, ब्रेकवर पाय असताना येतो की नाही, काहीच बघितलेलं नसतं. पार्ट मात्र आणून ठेवलेले असतात.

शॉकअप जातात, यात वाद नाही. पण ते जातात तेव्हा आवाजाआधी दुसरंच काही कळतं. तेलाने अंग ओलं होतं, खड्डा गेल्यावरही गाडी डोलत राहते, ब्रेक मारला की नाक खाली जातं, टायरवर हात फिरवला तर उंचसखल लागतो. यातलं काही नसेल आणि खडबडीत रस्त्यावर हळू जाताना सुटी, हलकी खडखड येत असेल, तर मी आधी लिंक रॉडकडे, म्हणजे अँटी रोल बारला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या छोट्या दांडीकडे बघतो.

एकच चाक उचलून लिंक रॉड तपासणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका मित्राची पंधरा वर्षांची गाडी होती. पुढच्या डाव्या बाजूने खडखड. त्याने दोन्ही शॉकअप बदलले, मग वरची माउंटिंग, मग दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारे हात). आवाज जसाच्या तसा. लिंक रॉडचं विचारलं तर म्हणाला, "तीनदा बघितली, एकदम टाइट आहे." तिन्ही वेळा त्याने डावं चाक जॅकवर उचलूनच ती हलवून पाहिली होती.

गडबड तिथेच होते. अँटी रोल बार, म्हणजे वळणावर गाडी फार झुकू नये म्हणून असलेली आडवी दांडी, डाव्या आणि उजव्या चाकाला जोडून ठेवतो. एक चाक लटकलं आणि दुसरं जमिनीवर राहिलं की बार पिळला जातो आणि लिंकला ताणून धरतो. आतला जॉइंट कितीही झिजलेला असला तरी त्या ताणात त्याचा प्ले (ढिलेपणा) हाताला लागत नाही. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर असली तरच लिंक मोकळी होते.

आम्ही गाडी सपाट जागेवर चारही चाकांवर ठेवली, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. स्टिअरिंग पूर्ण वळवलं, मी चाकामागे हात घालून लिंकच्या वरच्या जॉइंटवर दोन बोटं टेकवली आणि त्याला छताची कड धरून गाडी आडवी हलवायला सांगितलं. तिसऱ्या झोक्याला बोटाखाली बारीकशी 'टक' लागली. कानाला काहीच ऐकू आलं नव्हतं. लिंक काढली तर जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, शाबूत, बाहेरून अगदी चांगली दिसणारी. बूट कापला तेव्हा आत ग्रीसचा पत्ता नव्हता, नुसतं गंजाचं लालसर पाणी. नवीन लिंक बसवल्या आणि खडखड गेली. आधी बदललेल्या आर्म आणि शॉकअपमध्ये काही दोष होता की नाही, हे आता कळायला मार्ग नाही, कारण जुने पार्ट त्याने तेव्हाच टाकून दिले होते.

चालवून ओळखायचं असेल तर गतिरोधक एकदा सरळ घ्या, एकदा तिरका. सरळ घेतला की दोन्ही चाकं बरोबर उचलली जातात, बार पिळत नाही, लिंकवर फारसा भार येत नाही. तिरका घेतल्यावरच आवाज आला तर संशय लिंकवर. तरी खात्री नसेल तर दोन्ही लिंक काढून, बार कशाला घासणार नाही असा बांधून, रिकाम्या रस्त्यावर अगदी हळू एक फेरी मारा. वळणावर गाडी जास्त झुकेल, म्हणून वेग अजिबात नको. खडखड थांबली तर शोध संपला.

चाक लटकत असताना बुशचे बोल्ट आवळणं

यात आवाज लगेच येत नाही, काही महिन्यांनी येतो. म्हणून दोष नेहमी पार्टला दिला जातो : "डुप्लिकेट निघाला."

लोअर आर्मच्या रबरी बुशमध्ये आतली लोखंडी नळी आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये रबर पक्कं चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होते तेव्हा हे रबर पिळतं आणि परत जागेवर येतं. बोल्ट आवळला की आतली नळी जिथे आहे तिथे जखडली जाते. चाक लटकत असताना आवळलं तर रबराची आरामाची जागा तीच ठरते. गाडी खाली उतरली की बुश उभ्या जागीच पिळलेलं, वर प्रत्येक खड्ड्यात आणखी पीळ. मग रबर कडेने फाटायला लागतं.

माझी सवय अशी : गाडी उचलण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजतो आणि तिथेच चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहितो. बोल्ट हाताने बसवून नुसते टेकवतो. मग आर्मखाली दुसरा जॅक देऊन ते अंतर पुन्हा मिळेपर्यंत चाक वर घेतो आणि शेवटी टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळता येणाऱ्या पान्याने) आवळतो. गाडी अर्थातच जॅक स्टँडवर (गाडी उचलून टेकवायच्या पक्क्या आधारावर) असते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी जात नाही, तुम्हीही जाऊ नका. नवशिके हे मोजमाप टाळतात, कारण नवी आर्म बसलेली दिसते आणि चाक लावून एकदाची फेरी मारायची घाई असते. या मोजमापाला पाच मिनिटं लागतात, बुश पुन्हा बदलायला अख्खा दिवस.

शॉकअपच्या वरचा मधला नट

स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या स्ट्रटमध्ये, स्प्रिंग कंप्रेसरने दाबून धरल्याशिवाय हा नट कधीही सोडू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. योग्य कंप्रेसर नसेल तर स्ट्रट काढून अनुभवी माणसाकडे न्या. इथे शॉर्टकट कोणी सुचवला तर मला खरंच राग येतो.

नवीन शॉकअप टाकल्यावर नवीनच 'ठक-ठक' सुरू झाली तर बहुधा हाच नट ढिला असतो. एअर गनने आवळताना आतला दांडा नटासोबत फिरतो, नट बसल्यासारखा वाटतो पण बसलेला नसतो. दांडा ॲलन कीने (षटकोनी चावीने) धरून हाताने आवळा.

बाकीच्या चुका

डिकी रिकामी न करता शोध सुरू करणं. जॅक, पाने, सैल झालेली स्टेपनी, सगळं बाहेर काढून एक फेरी मारा, मगच सस्पेन्शनकडे वळा.

ब्रेकचा आवाज सस्पेन्शनच्या नावावर टाकणं. खडबडीत रस्त्यावर हलका ब्रेक दाबून ठेवा. खडखड थांबली तर ब्रेक पॅडच्या क्लिपा आणि कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना बघा.

गाडी उभी असताना, इंजिनच्या ठरावीक फेऱ्यांवर झणझण येते, तरी आर्म हलवत बसणं. तो बहुधा सायलेन्सरवरचा गंजलेला पत्रा असतो.

करकर थांबवायला रबरावर तेलकट स्प्रे मारणं. चार दिवस शांतता मिळते आणि साधं रबर त्या तेलाने फुगतं. कोणतं बुश करकरतंय हे शोधायला साधं पाणी शिंपडा : ज्यावर पाणी पडल्यावर आवाज बदलला, ते बुश.

स्प्रिंगचं टोक न बघणं. सगळ्यात खालचा वेढा बैठकीत लपून तुटतो आणि तुकडा तिथेच वाजत राहतो. टॉर्च घेऊन दोन्ही बाजू शेजारी शेजारी ताडून पाहा.

बॉल जॉइंटचा (आर्म आणि चाक यांना जोडणाऱ्या गोलाकार सांध्याचा) प्ले दिसूनही "पुढच्या सर्व्हिसला बघू" म्हणणं. तो निसटला तर चाक आडवं होतं आणि गाडी हातात राहत नाही. तपासताना उचललेलं चाक वरच्या आणि खालच्या कडेला धरून हलवा, दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो चाकाच्या बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंटकडे बघा.

जुने नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) परत वापरणं. ते एकदाच वापरायचे असतात.

एकाच दिवशी चार पार्ट बदलणं. मग आवाज कशाने गेला हे कळत नाही, आणि नाही गेला तर कोणतं काम चुकलं तेही कळत नाही. शॉकअप तेवढे जोडीने बदला, बाकी एका वेळी एकच, आणि प्रत्येक वेळी त्याच रस्त्यावर त्याच वेगाने फेरी.

आणि अलाइनमेंटची घाई करणं. आर्म, टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारी दांडी) किंवा स्ट्रट उघडला असेल तर ती करावीच लागते, पण आवाज पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावर. आर्म पुन्हा काढावी लागली तर अलाइनमेंटही पुन्हा करावी लागेल.