आडव्या वाऱ्याच्या झोतांत हलके विमान उतरवताना या चुका टाळा

चाके धावपट्टीला टेकली की लँडिंग संपले, असे समजून योक (विमानाचे हाताने फिरवायचे सुकाणू) सरळ करणे ही चूक मी शिकवायला लागल्यापासून सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. वेग उतरतो तसा एलेरॉनचा (योक फिरवल्यावर हलणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्यांचा) प्रभाव कमी होत जातो, वाऱ्याचा जोर मात्र कमी होत नाही. म्हणून टेकल्यानंतर योक वारा येतो त्या बाजूला वाढवत नेला पाहिजे आणि वेग मंदावेल तेव्हा तो त्या बाजूला पूर्ण वळलेला असला पाहिजे.

माझ्या एका विद्यार्थ्याने डावीकडच्या वाऱ्यात सेस्ना १७२ हे छोटे विमान अतिशय सुरेख टेकवले होते. डावा पंख खाली, उजवा रडर (शेपटीवरची, पायाने चालवायची हलती पट्टी), आधी डावे चाक, मग उजवे. त्या समाधानात त्याने योक मधोमध आणला आणि नेमका तेव्हाच झोत आला. डावा पंख वर उचलला गेला, मागच्या उभ्या शेपटीवर वारा बसून नाक डावीकडे वळले, आणि मी योक डावीकडे पूर्ण फिरवून उजवा रडर दाबला, तेव्हा उजव्या पंखाचे टोक जमिनीपासून जेमतेम हातभर उरले होते. ‘सर, आपण तर उतरलो होतो ना?’ असे त्याने विचारले. त्या दिवसापासून विमान जागेवर थांबेपर्यंत वारा कोणत्या बाजूचा आहे, हे मी प्रत्येकाला मोठ्याने बोलायला लावतो.

दुसरी चूक हिशेबाची. वारा १२ नॉट (ताशी सागरी मैल), झोत २२, धावपट्टीशी कोन ६० अंश, असे कळल्यावर घाईचा शिकाऊ १२ धरतो आणि आडवा वारा १० नॉट काढून निश्चिंत होतो. झोत धरला तर तोच आकडा १९ होतो. सेस्ना १७२ एसच्या पुस्तिकेतला १५ नॉट हा आकडा चाचणीत दाखवलेला वारा आहे, कायदेशीर मर्यादा नव्हे, हे खरे. पण तो पार करण्याचा हक्क नवख्याला आहे, असे मला मुळीच वाटत नाही.

उतरण्याच्या वेगात मी वारा आणि झोत यांच्यातल्या फरकाचा निम्मा भाग वाढवतो, म्हणजे इथे ५ नॉट. ‘सुरक्षिततेसाठी’ १५ वाढवणारे विमान तरंगत ठेवतात, आणि तरंगणारे विमान वाऱ्याबरोबर बाजूला सरकत जाते. मग कंटाळून नाक खाली दाबतात, पुढचे चाक आधी आपटते आणि उसळ्या सुरू होतात.

सवयीने पूर्ण फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली उतरणाऱ्या झडपा) खाली सोडू नका. तिरक्या नाकाने टेकू नका.

पहिल्याच मोठ्या उसळीला मी पुन्हा उड्डाण घेण्यासाठी थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) पूर्ण उघडतो, रडरने नाक सरळ धरतो आणि वेग मिळत जाईल तसे फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर घेतो.