बांधणीनंतर पुठ्ठा बाहेर वळतो? तंतूंची दिशा बघा

परभणीच्या उन्हाळ्यात पारायणाचा जाडजूड ग्रंथ बांधायला घेतला. जुजबंदी (पानांच्या जुड्यांची शिलाई) पक्की, कणा सरळ. पण वाळला की पुठ्ठ्याचे कोपरे पापडासारखे बाहेर वळायचे. खळ घट्ट केली, पांढरा गम लावून पाहिला, वजन वाढवलं. वजन काढलं की परत तेच! वैताग नुसता.

खोड कागदाच्या तंतूंत होती. मशीनच्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने बसतात. ओला झाला की कागद तंतूंना आडवा फुगतो, वाळताना आखडतो आणि पुठ्ठ्याला ओढतो. (दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या हातकागदाला एवढी ठळक दिशा नसते.)

आधी पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा एकदा उभा, एकदा आडवा हलकेच वाकवा. सहज वाकला ती घडीची रेषा म्हणजे तंतूंची दिशा. कागदाचा तुकडा एकाच बाजूने ओला करा. त्याची नळी होते, ती तंतूंच्या रेषेत. पुठ्ठा, वरचा कागद, अस्तर (पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचा कागद), तिन्हींचे तंतू कण्याला समांतर येतील असेच कापा, कागद वाया गेला तरी. मैद्याच्या खळीत कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घाला. ते विषारी, म्हणून भांडं वेगळं. वरच्या कागदाला खळ लावून पाच मिनिटं मुरू द्या, मऊ पडला की चिकटवा. मग अस्तर, तेही खळीनेच. आतून तेच पुठ्ठ्याला परत ओढतं. अस्तर आणि पानांमध्ये प्लास्टिक व टिपकागद सरकवा. दोन फळ्यांमध्ये दाबून पंख्यापासून लांब ठेवा आणि टिपकागद कोरडा निघेपर्यंत बदलत राहा.