प्रलयानंतरची आदिवासी कथा कशी लिहावी

प्रलयानंतर तग धरणाऱ्या माणसांची कथा नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातील पाड्यावर घडवायची असेल, तर पहिल्याच पानावर जग बुडवण्याची घाई करू नये. कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांनी एक बुडणे आधीच पाहिले आहे: १८७८ च्या वन कायद्याने वहिवाटीचे जंगल सरकारच्या ताब्यात गेले, आणि २००६ चा वनहक्क कायदा येऊनही कसत्या जमिनीच्या हक्कासाठी मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांना नाशिकहून मुंबईपर्यंत चालत जावे लागले. कॅनडातील अनिशिनाबे समाजाचे लेखक वॉबगेशिग राइस यांच्या कादंबरीतही वीज आणि फोन बंद पडल्यावर एक वृद्धा सांगते की, आपले जग तर पूर्वीच संपले होते. आपल्या कथेचा पायाही हाच असावा.

आपत्तीचे कारण एका वाक्यात उरकले तरी चालते. उन्हाळ्याअखेर राब भाजणे (रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार करणे), पावसात नागली (नाचणी) आणि वरईची लावणी आणि जुने धान्य सरून नवे हाती येईपर्यंतचे भुकेचे दिवस, हे चक्र मात्र लेखकाला पाठ हवे. वाळवलेली नागली वर्षानुवर्षे कीड न लागता टिकते. म्हणून कणगीत किती उरली आहे, याचा हिशेब प्रत्येक प्रकरणात ठेवावा. ‘जंगलाची लेकरे’ असले गोड शब्द टाळून ज्ञान कृतीतून दाखवावे. शेवळ (एक रानभाजी) घशाला खाजते, म्हणून ते काकड या रानझाडाच्या आंबट फळांसोबत शिजवतात. शहरातून आलेल्या भुकेल्या माणसाने ते नुसतेच उकडून खाल्ले, की प्रसंग आपोआप उभा राहतो.

तो माणूस कोण, हे ठरवणे सर्वांत मोलाचे. आज पेठ-सुरगाण्याचे मजूर द्राक्षांच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या बागांत उतरतात. कथेत ही वाट उलटी करावी: बागायतदारच जुन्या मजुराच्या दारी यावा, आणि थकलेल्या मजुरीचा विषय त्या रात्री काढायचा की नाही, यावर घरात मतभेद व्हावेत. (झाँबी आणण्याचा मोह आवरावा, मुकादम पुरेसा आहे.)

डोंगऱ्यादेवाचे व्रत किंवा कणसरी या धान्यदेवतेची पूजा शोभेसाठी आणू नये, आणि परक्यापुढे जे सांगितले जात नाही ते कथेतही झाकलेलेच ठेवावे. बोलीतील संवाद ती बोली घरात बोलणाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. भगताच्या (देवऋषीच्या) तोंडची वाक्ये वाचताना त्या वाचणाऱ्याला हसू आले, तर कारण विचारून ते पान नव्याने लिहावे.