क्लासिक की स्टायलिश? शिवायला टाकण्याआधी ठरवा

दिवाळी पहाटेला ठाण्यात राममारुती रोडवर किंवा तलावपाळीला अर्धा तास उभं राहिलं की यंदाची फॅशन कळते. पँटचा घेर सैल झालाय की तंग, कुर्ता कुठवर आलाय, सगळं दिसतं. हे झालं स्टायलिश. पण त्याच हौसेने ऑफिसचा कोट शिवून घेतला, तर दोन-तीन वर्षांत तो कपाटात जातो. कोटाची शिलाई काही स्वस्त राहिलेली नाही.

क्लासिक म्हणजे जुन्या पद्धतीचं नव्हे, महागही नव्हे. क्लासिकमध्ये प्रत्येक माप अंगावरून ठरतं: खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाला, शर्टची बाही मनगटाच्या हाडाखाली, कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जातील एवढी जागा. स्टायलिशमध्ये यातलं एखादं माप मुद्दाम हलवलेलं असतं. ओव्हरसाइज शर्टचा खांदा दंडावर उतरतो, स्किनी पँट पोटरीला चिकटते. हलवायला हरकत नाही. मात्र जे उसवून परत शिवता येतं, तेच हलवा.

कोटाचा खांदा यात बसत नाही. तो कमी करायचा तर बाही सोडवावी लागते, खांद्यातलं पॅड काढावं लागतं, बाही नव्याने बसवावी लागते. बरेच टेलर हे काम घेतच नाहीत. म्हणून खांदा अंगाबरोबर हवा. तपासायला भिंतीला एका बाजूने टेकून उभे राहा. दंडाआधी पॅड भिंतीला लागलं, तर खांदा मोठा आहे. शिवणीखाली बाहीवर खळगा पडतो, त्याचंही कारण बहुतेक वेळा तेच. उंचीही तशीच: कोटाने सीट झाकलीच पाहिजे. नंतर आखूड केला तर खिसे खालच्या काठाजवळ येतात, आणि वाढवायला आत कापड नसतं. लॅपल, म्हणजे कॉलरखाली छातीवर दुमडलेली पट्टी, 3 ते 3.5 इंच रुंद ठेवा. 2010 नंतरच्या काही वर्षांत लग्नांसाठी दोन-सव्वादोन इंची लॅपलचे कोट खूप शिवले गेले. लॅपल रुंद करता येत नाही, त्यामुळे ते कोट घातल्याघातल्या आपलं साल सांगतात.

हौस भागवायची ती पँटच्या बॉटमवर, म्हणजे पायाशी असलेल्या घेरावर. मध्यम बांध्याला 15 ते 16 इंच पूर्ण घेर क्लासिक, 13 तंग, 18-19 सैल. माप सांगताना पूर्ण घेर की अर्धा, ते स्पष्ट बोला. घोटाळा तिथेच होतो. आणि मार्जिन, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, मागून घ्या: दोन्ही बाजूंच्या शिवणीत नेहमीपेक्षा अर्धा इंच जास्त, सीटच्या मागच्या शिवणीत दीड इंच, खालच्या दुमडीत दोन इंच. मग तंग शिवलेली पँट पुढे दोन इंचांपर्यंत सैल करता येते. गोखले रोडवर रेडीमेड घेत असाल तर पँट उलटी करून शिवण बघा. शिवण आणि कापडाच्या कडेचे ओव्हरलॉकचे टाके यांच्यामध्ये कापडच नसेल, तर ती पँट फक्त तंग होऊ शकते, सैल नाही. उडणाऱ्या रंगाच्या कापडावर जुन्या शिवणीची रेघ राहते, हेही लक्षात ठेवा.

कापड 58 इंच पन्ह्याचं असेल तर फुल शर्टला 1.6 मीटर, पँटला 1.3 मीटर पुरतं. 36 इंच पन्ह्यात शर्टला 2.25 मीटर घ्या. कॉटन आणि लिनन रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच शिवायला द्या. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं, कॉलर आवळते आणि बाही मनगटाच्या वर चढते. मग कितीही क्लासिक शिवलेलं असो, कपडा उसना वाटतो. ठाण्याच्या दमट हवेत पॉलिएस्टर पाठीला चिकटतं, त्यामुळे रोज ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली-महापेला जाणाऱ्याने शर्ट तरी कॉटनचाच ठेवावा. पावसाळ्यातल्या पँटची उंची बुटावर टेकेल न टेकेल इतकीच घ्या. बुटावर दुमडणारी पँट स्टेशनवरच भिजते आणि दिवसभर वाळत नाही.

ट्रायलला रोजचे बूट आणि पट्टा घालून जा. चपलेवर घेतलेली उंची बुटावर अर्धा इंच तरी फसते. कोटाचं वरचं बटण लावा, खालचं उघडं ठेवा. बटणापासून फुलीसारख्या सुरकुत्या निघाल्या तर पोटाला सोडायला सांगा. मग खुर्चीवर बसा आणि हात पुढे करा, लोकलमध्ये वरची कडी धरतो तसा वरही न्या. पाठीवर ताण आला, तर पैसे देण्याआधी तिथेच खडूने खूण करून घ्या.