गणितावरचं वाचनीय लेखन शोधताना या चुका टाळा

‘गणिताचे सर्वोत्तम ब्लॉग’ असं टाकून शोध सुरू करणं, ही पहिली चूक. समोर येतात त्या याद्या, आणि त्यातल्या बऱ्याच एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. यादी करणाऱ्याने ते लेख वाचले असतील याची खात्री नसते. शोध नावाने घेण्यापेक्षा अडचणीने घ्यावा. वर्गात मुलाने दिलेलं एखादं चुकीचं उत्तर उचला आणि त्याचाच माग काढा.

8 + 4 = □ + 5 हे उदाहरण पाहा. चौकटीत 12 लिहिणारी मुलं अनेक असतात, काही जण सगळंच मिळवून 17 लिहितात. दोघांची बेरीज बरोबर असते. अडतं ते बरोबरच्या चिन्हाशी: त्यांच्या लेखी ते ‘इथे उत्तर लिहा’ असं सांगणारं चिन्ह असतं, दोन्ही बाजू सारख्या असल्याचं नव्हे. या एका चुकीवर ज्याने मन लावून लिहिलंय, तो मुलांच्या वह्या पाहणारा माणूस आहे हे लगेच कळतं, आणि त्याचे बाकीचे लेखही उघडून बघावेसे वाटतात. 0.45 हे 0.6 पेक्षा मोठं मानणं किंवा 1/2 + 1/3 = 2/5 करणं, या चुकाही अशाच कामाच्या. शोधताना मात्र चूक शब्दांत लिहा. शोधयंत्रं अधिक, बरोबर अशा चिन्हांकडे पुष्कळदा दुर्लक्ष करतात. ‘मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात’ असं लिहिलं तर हाती काही लागतं. तेच इंग्रजीत लिहून पाहिलं तर आणखी बरंच.

दुसरी चूक म्हणजे अनोळखी विषयावरचा लेख वाचून लेखकाची पारख करणं. विषय नवा असला की सगळंच खोल वाटतं. माझा आग्रह असा की, तुम्हाला पक्का येणारा एक विषय कसोटी म्हणून ठरवून ठेवावा आणि प्रत्येक नव्या ठिकाणी आधी तोच वाचावा. अपूर्णांकांचा भागाकार यासाठी उत्तम. ‘दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा’ एवढं सांगून जो थांबतो, त्याने पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळं काही दिलेलं नाही. दुसरा कुणी विचारतो, सहामध्ये अर्धे किती? बारा. मग तो 3/4 ÷ 2/3 घेतो, छेद सारखे करतो, 9/12 आणि 8/12. आता दोन्हीकडे बारांशच आहेत, म्हणजे प्रश्न उरला 9 भागिले 8 एवढाच, आणि उत्तर 9/8. उलटं करून गुणलं तरी हेच येतं. ते का येतं, हेही जो पुढे उलगडून दाखवतो, त्याला सोडू नका.

क्लृप्त्यांनी भरलेल्या लेखनाला भुलणं ही फार पसरलेली चूक आहे. 63 ला 11 ने गुणायचं तर 6 आणि 3 यांच्यामध्ये त्यांची बेरीज 9 ठेवा, 693. मुलं खूश होतात. पण 85 ला तेच केलं की बेरीज 13 येते आणि मूल 8135 लिहून मोकळं होतं. खरं उत्तर 935. अकरापट म्हणजे दहापट अधिक एकपट, 850 अधिक 85, हे सांगितलेलं असतं तर हातचा कुठे जातो हे त्याचं त्यालाच दिसलं असतं. क्लृप्ती वाईट नाही. तिच्यामागचं कारण न देणारं लेखन शिक्षकाच्या उपयोगाचं नाही.

खळबळजनक दाव्यांबाबतही हेच. 1 + 2 + 3 + … = −1/12 असं कुठलीही अट न सांगता लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा. नेहमीच्या अर्थाने ही बेरीज वाढतच जाते. −1/12 येतं ते अशा अनंत बेरजांवरून बनलेल्या एका फलनाचा, रीमानच्या झीटा फलनाचा, विस्तार करून त्याची −1 पाशी किंमत काढली तर. चांगला लेखक हा फरक सांगतो, आणि वाचकाने चूक दाखवली तर लेखातच दुरुस्तीची नोंद करतो. अशी नोंद दिसली की माझा विश्वास वाढतो.

पातळी न बघता घुसणं आणि मग सगळंच सोडून देणं, असंही होतं. नामवंत गणिती टेरेन्स टाओ यांच्या ब्लॉगवरचा संशोधनाचा लेख बहुतेकांना पहिल्या परिच्छेदातच थांबवतो. पण तिथेच त्यांनी विद्यार्थ्यांसाठी सल्ल्याची पानं लिहिली आहेत, आणि गणित म्हणजे फक्त काटेकोरपणा आणि सिद्धता नव्हे, हे सांगणारं त्यांतलं पान प्रत्येक शिक्षकाने वाचावं. अवघड लेखांचाही एक फायदा असतो. 2009 मध्ये टिमोथी गॉवर्स या ब्रिटिश गणितीने आपल्या ब्लॉगवर एक खुला प्रश्न मांडून सगळ्यांना मिळून सोडवायला बोलावलं. त्यातून पॉलिमॅथ प्रकल्प उभा राहिला. ती चर्चा चाळली तरी दिसतं की मोठे गणितीही अर्धवट कल्पना मांडतात, चुकतात, मागे येतात. छापील सिद्धतेत यातलं काहीच उरत नाही.

जुनी तारीख बघून लेख बंद करू नका. अपूर्णांकांवरचं वीस वर्षांपूर्वीचं चांगलं लेखन आजही तितकंच चांगलं आहे. बिघडतात ती सोबतची साधनं. अलेक्झांडर बोगोमोल्नी यांचं ‘कट द नॉट’ हे संकेतस्थळ 1996 पासूनचं; त्यावरच्या हलत्या आकृत्या जावा अ‍ॅपलेटमध्ये होत्या आणि आजचे ब्राउझर त्या चालवत नाहीत. मजकूर आणि सिद्धता मात्र वाचण्यासारख्या आहेत. पानच उघडत नसेल तर त्याचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून पाहा, जुनी प्रत मिळण्याची बरीच शक्यता असते.

सूत्रांच्या जागी डॉलरची चिन्हं आणि तिरक्या रेषा दिसत असतील तर लेखकाला दोष देऊ नका. बहुतेक वेळा मॅथजॅक्स, म्हणजे पानावर सूत्रं नीट मांडून दाखवणारा प्रोग्रॅम, लोड झालेला नसतो. जावास्क्रिप्ट बंद असेल तर चालू करा, जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन त्या पानापुरतं थांबवा, आणि पान पुन्हा लोड करा. ब्राउझरच्या वाचन-दृश्यात सूत्रं कधीकधी गायब होतात, तेव्हा मूळ पानावरच वाचा. मजकूर कॉपी करताना याहून वाईट घडतं. घातांक खाली उतरतो, दोनचा दहावा घात 210 होऊन बसतो. मुलांना छापून देण्याआधी प्रत्येक घात आणि प्रत्येक अपूर्णांक मूळ पानाशी ताडून घ्या.

आवडलेली ठिकाणं समाजमाध्यमांच्या भरवशावर सोडलीत तर नवे लेख दिसतीलच असं नाही. फीड रीडर वापरा, म्हणजे निवडलेल्या ब्लॉगांवरचे नवे लेख एका जागी दाखवणारं साधन. गूगलचा रीडर 2013 मध्ये बंद झाला, पण इतर रीडर आहेत आणि आरएसएस फीडही, म्हणजे रीडरला नवे लेख कळवणाऱ्या ब्लॉगांच्या याद्या, चालू आहेत. फीडची खूण दिसत नसेल तर ब्लॉगचा साधा पत्ताच रीडरमध्ये टाका. बहुतेक रीडर फीड स्वतः शोधून काढतात. सुरुवातीला चार-पाच ठिकाणं पुरेत. जिथले लेख न उघडताच पुढे सरकवले जातात, ती फीड काढून टाका.