रिपोर्टमधला शब्द वाचताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार आमच्या काउंटरवर आले. मुलाचा रिपोर्ट घेतला, उभ्या उभ्या वाचला आणि मटकन बाकावर बसले. फोन लावून घरी सांगायला लागले, "रक्ताचा कॅन्सर निघाला." रिपोर्टच्या शेऱ्यात शब्द होता ल्यूकोपेनिया. पोराला डेंग्यू झाला होता.

मी नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट द्यायला बसतो. डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाला काय झालंय हे सांगत नाही. पण शब्द फोडून दाखवायला डॉक्टर असावं लागत नाही.

अर्धा शब्द वाचून घाबरणं

ल्यूको म्हणजे ग्रीकमध्ये पांढरं. ते ल्यूकोपेनियात आहे तसं ल्युकेमियातही आहे, म्हणून तर गफलत होते. फरक शेपटात असतो. 'एमिया' म्हणजे रक्ताची अवस्था. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेले रुग्ण पाहून जर्मनीच्या फिर्शो यांनी १८४७ साली ल्युकेमिया, म्हणजे 'पांढरं रक्त', हे नाव दिलं. 'पेनिया' म्हणजे दारिद्र्य. ल्यूकोपेनिया म्हणजे पांढऱ्या पेशींची गरिबी. साधारण ४,००० ते ११,००० असायला हव्यात, त्या खाली गेल्या एवढंच तो शब्द सांगतो. डेंग्यूत त्या बहुतेक वेळा खाली जातात.

त्या बागायतदारांना विचारलं, "काका, बागेत भुरीची बुरशी पांढरी आणि डाऊनीचीही पांढरी. मग एकच फवारा मारता का?" ते चिडलेच. म्हणाले, "छे हो! भुरी पानावर राख टाकल्यासारखी दिसते. डाऊनीचे वरून तेलकट डाग आणि पांढरी बुरशी खालून. पान उलटून बघायचं असतं."

मग शब्दही उलटून बघायचा. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो, शब्द मागून वाचा.

त्याच डेंग्यूच्या हंगामात दुसरा घोळ 'पेशी'चा होतो. "पेशी वीस हजारांवर आल्या" म्हणताना आपण प्लेटलेट्सबद्दल बोलत असतो, आणि त्याच दमात रिपोर्टमधल्या पांढऱ्या पेशींचा आकडा वाचून दाखवतो. प्लेटलेट म्हणजे छोटी ताटली. रक्त गोठायला मदत करणाऱ्या या बारीक ताटल्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. त्या कमी झाल्या की थ्रॉम्बोसायटोपेनिया. थ्रॉम्बो म्हणजे गुठळी, सायटो म्हणजे पेशी, आणि शेवटी पुन्हा तीच गरिबी. डॉक्टरांना फोनवर सांगताना कुठल्या पेशी ते सांगा, नुसतं 'पेशी' नको.

"मला थायरॉइड आहे"

तो सगळ्यांनाच आहे. गळ्यातल्या ग्रंथीचं ते नाव, ग्रीकमधल्या ढालीवरून पडलेलं. बिघाड दोन दिशांना होतो. हायपो म्हणजे खाली आणि हायपर म्हणजे वर. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं, आणि म्हणूनच पुढे फसायला होतं. "टीएसएच वाढलाय, म्हणजे हायपर झालं," असं मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. टीएसएच हा हार्मोन थायरॉइड ग्रंथी बनवतच नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी तो सोडते, थायरॉइडला कामाला लावायला. थायरॉइड सुस्तावली की पिट्यूटरी जोरात हाका मारते, टीएसएच वर जातो. म्हणजे आकडा वर आणि आजार बहुतेक वेळा हायपो.

निगेटिव्हचंही तसंच. "रिपोर्ट निगेटिव्ह आला" ऐकून एक आजी रडू लागल्या होत्या. जे शोधलं ते सापडलं नाही, इतकाच अर्थ. आणि अ‍ॅक्यूट म्हणजे 'गंभीर' नव्हे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ टोकदार. आजार अचानक उपटला, असं सांगायचं असतं. साधी सर्दीही अ‍ॅक्यूटच. क्रॉनिक काळावरून आला, दीर्घकाळ रेंगाळलेला. मराठीत अ‍ॅक्यूटला 'तीव्र' म्हणायची पद्धत पडली, आणि माझ्या मते निम्मी भीती त्या भाषांतराने पेरली.

मराठी शब्द आहे म्हणून कळला असं समजणं

ही चूक शिकलेली माणसं जास्त करतात. 'मज्जा' घ्या. आयुर्वेदाच्या सात धातूंमध्ये अस्थीनंतर मज्जा येते, म्हणजे हाडाच्या आतला गाभा. आपण बोन मॅरोला अस्थिमज्जा म्हणतो, ते बरोबर. पण मज्जातंतू, मज्जारज्जू, मज्जासंस्था हे शब्द हाडाच्या गाभ्याचे नाहीत, ते चेतांचे, म्हणजे नर्व्हजचे. एका ताईंच्या वडिलांची बोन मॅरो तपासणी होती. कुणीतरी 'मज्जेची तपासणी' म्हणालं, आणि घरात ठरलं की पाठीच्या कण्यात सुई जाणार, पाय जाणार. प्रत्यक्षात तो नमुना सहसा कमरेच्या हाडातून घेतात. पाठीतलं पाणी काढतात ती तपासणी वेगळी.

गंमत अशी की हा गोंधळ एकट्या मराठीचा नाही. इंग्रजीतही पूर्वी मज्जारज्जूला 'स्पायनल मॅरो' म्हणत. ग्रीकमधला 'मायलो' तर आजही दोन्ही घरी नांदतो. मायलायटिस मज्जारज्जूचा, ऑस्टिओमायलायटिस हाडाचा, मायलोमा अस्थिमज्जेतल्या पेशींचा. पोलिओचं पूर्ण नाव पोलिओमायलायटिस. पोलिओ म्हणजे राखाडी, 'आयटिस' म्हणजे दाह. मज्जारज्जूच्या राखाडी भागाचा दाह. तेव्हा रिपोर्टवर 'मायलो' दिसला तर हाड की कणा, हे विचारल्याशिवाय घरी फोन लावू नका. शाळेच्या पुस्तकांत आता चेतासंस्था आणि मेरुरज्जू असे शब्द आलेत, ते मला जास्त सरळ वाटतात.

'नस' हा शब्द मात्र मी सोडून दिला आहे. नस दबली म्हणताना ती चेता असते, नस सापडत नाही म्हणताना ती शीर असते, आणि नस आखडली म्हणताना बहुधा स्नायू.

नावातच कारण शोधणं

शब्द फोडायची सवय लागली की उलटी खोड लागते, मूळ अर्थ म्हणजेच खरं कारण असं वाटायला लागतं. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये वाईट हवा. दलदलीची हवा बाधते असा समज होता. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात परजीवी सापडला, नाव तेच राहिलं. धनुर्वातातला धनुष्याचा भाग खरा आहे, रुग्णाचं शरीर तसं वाकतं. वाताचा भाग जुना समज. कारण जिवाणू आहे, आणि त्यावर लस आहे. धमनी तर 'फुंकणे' या अर्थाच्या धातूवरून आली, आणि ग्रीकांनाही धमन्यांतून हवा वाहते असंच वाटायचं, कारण मृत शरीरात त्या रिकाम्या दिसत. दोन देश, एकच चूक, असं म्हणायचा मोह मला होतो.

आणि प्लास्टिक सर्जरीतलं 'प्लास्टिक'. नाक कापल्याच्या कथेवरून आपल्या गावाचं नाव पडलं म्हणतात, तेव्हा इथे तरी हे माहीत हवं. ग्रीकमधल्या 'प्लास्टिकोस'चा अर्थ घडवता येण्याजोगं. पुण्याजवळ इंग्रजी फौजेच्या कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीतून पुन्हा बनवलं, ती हकीगत १७९४ साली लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासह छापून आली. बर्लिनच्या ग्रेफ यांनी 'र्‍हायनोप्लास्टिक' हे पुस्तक काढलं १८१८ साली. र्‍हायनो म्हणजे नाक. बेकलाइट हे पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक आलं १९०७ मध्ये. शस्त्रक्रियेचं नाव आधीचं, बादल्या-डबे नंतरचे.

हे सगळं मी पंचवटीतल्या एका मावशींना सांगितलं. अपघातानंतर भाच्याच्या नाकाची प्लास्टिक सर्जरी होती, त्याआधीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट न्यायला त्या आल्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे उन्हात वितळायचं नाही ना?"

"नाही मावशी, कातडं त्याचंच असतं."

"मग तसं लिहून द्या. त्याच्या आईला माझं खरं वाटत नाही."